हिरोची आई

टीव्हीवाल्यांना आमचा घाट पसंत पडला न्हाई. गाव आमचं, पूर आमचा, चिखल आमचा, मेलेली जनावरं आमची; पर घाट म्हणे वाईचा पायजे, तिथली देवळं कॅमेऱ्यात चांगली दिसतात. मग निम्मी मालिका वाईत काढली अन् उरलेली आमच्या सावळखडीत. मी त्या दिग्दर्शकाला तोंडावर म्हणाले, "बाबा, पूर आला तवा कृष्णाबाईला पण सांगायचं होतंस, वाईतच थांब म्हणून." तो हसला अन् चहा पिऊन गेला. माझं तोंड हे असं हाय. मी मूळची रहिमतपूरची, लग्न होऊन सांगली जिल्ह्यात आले, पर सातारी तिखटपणा काय गेला न्हाई, असं आमचे हे म्हणतात. आमचे हे म्हंजी लालासाहेब. फौजेतनं सुभेदार होऊन परतले, आता गावचे सरपंच हायत, अन् घरात पण हुकूमच सोडतात.

मालिका कशावर, तर पुरात बुडालेलं गाव ढोलाच्या आवाजावर पुन्हा कसं उठलं त्याच्यावर. आता ही गोष्ट खरी हाय. बनवलेली न्हाई. म्हणून आधी खरं काय झालं ते सांगते, मग पुढचं.

दोन हजार एकोणीसचा पूर ओसरला अन् आमी छावणीतनं गावात परतलो, तवा घराघरात गुडघाभर गाळ होता. ऊस कुजलेला. आमच्या दोन म्हशी गोठ्यात दाव्यालाच मेलेल्या, कारण सोडायला वेळच मिळाला नव्हता. वास असा की तोंडावर पदर धरला तरी नाकातनं जात नव्हता. पर त्याहून वाईट म्हंजी गाव बोलायचं बंद झालं होतं. बायका उंबऱ्यावर नुसत्या बसून असायच्या. फावडं कुणी हातात घेईना, चूल कुणी पेटवेना. मी, जिच्या तोंडाला कुलूप म्हणून कधी लागलं न्हाई, ती पण गप्प. आमचे हे, ज्यांनी सरहद्दीवर दिवस काढले, ते मारुतीच्या पारावर दिवसभर पाठ टेकून बसायचे.

मग आटपाडीकडनं दोन जीपगाड्या आल्या. धनगर माणसं. ज्यांच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो, ती आमचा गाळ काढायला आली. भाकरी, कडबा, फावडी, खराटे, सगळं घेऊन. त्यांचा म्होरक्या नानासो. त्याच्याबरोबर त्याचा पुतण्या मल्हार, अन् मल्हारची आई हरणाबाई. हरणाबाईचा मालक मेंढरं घेऊन लांब माळरानात गेलेला, म्हणून ही पोराबरोबर आली. शाळेच्या व्हरांड्यात चूल मांडून तिनं गावासाठी भाकऱ्या थापल्या. आमच्या गोठ्यातल्या म्हशी मल्हारनं ओढून काढल्या. आमच्या भावकीतलं कुणी हात लावायला तयार नव्हतं.

त्याच दिवशी सांजच्याला मल्हारनं गाडीतनं ढोल काढला अन् गळ्यात अडकवला. नानासो त्याच्यावर ओरडला, "आरं, गावाला सुतक आल्यागत झालंय आन् तू ढोल कसला वाजवतोस?"

मल्हार म्हणाला, "काका, ह्येंच्या कानातनं आजून पाणी निघालं न्हाई. जरा वाजवू द्या की."

अन् त्यानं वाजवला. पहिल्यांदा आमची भामाबाई घरातनं शिव्या देत आली. तिचं घरच पडलं होतं. "मुडद्या, बंद कर ते!" म्हणत आली, अन् पाराजवळ येऊन खाली बसली, अन् हंबरडा फोडून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गावात कुणीतरी मोठ्यानं रडलं. तिच्यामागं आमी सगळ्या रडलो. बाप्ये पण रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाईनंच पहिला खराटा उचलला. मग रोज तसंच झालं. दिवसभर गाळ उपसायचा अन् सांजच्याला ढोल. ढोल वाजणार म्हणून माणसं हातपाय धुवायला लागली, केस विंचरायला लागली, एकमेकाला हाका मारायला लागली.

माझा पोरगा शिवतेज तवा साताऱ्याला होता, भरतीच्या अकॅडमीत. साताऱ्याचा रस्ता उघडला तवा आला. त्याची अन् मल्हारची लगेच गट्टी जमली. "ये गड्या, असा धर" करत मल्हारनं त्याला ढोलावरचे दोन-चार ठेके पण शिकवले. एवढंच. शिवतेजचा ह्या गोष्टीत वाटा तेवढाच हाय.

गोठा साफ करताना मल्हारच्या पायात पत्रा घुसला. माझ्या गोठ्यातला पत्रा. त्यानं फडकं बांधलं अन् तसाच त्या घाण पाण्यात उभा ऱ्हायला. मी त्याला म्हणाले, "आरं दवाखान्यात जा." म्हणाला, "काकी, एवढं एक घर ऱ्हायलंय." घरी गेल्यावर त्याला ताप भरला. घाण पाण्यातनं होतो तसला ताप. दसऱ्याच्या आधी गेला. दिवाळीनंतर लग्न ठरलं होतं त्याचं. आमी दहाव्याला गेलो तवा हरणाबाई मला धरून रडली अन् मी तिला शब्द दिला, की हरणाक्का, तुमचा पोर आमच्या गावचा हाय, त्याचं नाव आमच्या गावात निघंल. मी शब्द देणारी बाई. माझ्या शब्दाला गावात मान हाय, असं तरी मला वाटायचं.

म्हणून गेल्या वर्षी प्रांजल नावाची पुण्याची पोरगी मालिका लिहायला म्हणून आमच्या घरी उतरली, तवा मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी तिला सगळं सांगितलं. पारावर नेऊन दाखवलं, गोठ्यात नेऊन दाखवलं. शिवतेजच्या मोबाईलमधला मल्हारचा फोटो पण तिला दिला. पोरगी डोळे पुसत होती. शूटिंगच्या वेळी मात्र मी गावात नव्हते. माझी लेक अंकिता पुण्याला बाळंत झाली, तिच्याकडं होते. फोनवर शिवतेज सांगायचा, "आई, नटाला मीच ढोल शिकवतोय." मी म्हणायचे, "चांगलं शिकव, मल्हारचं नाव हाय."

तो "व्हय" म्हणायचा. आता आठवलं की वाटतं, तो व्हय जरा बारीकच यायचा. पर पुण्यात नातवंड मांडीवर, कोण कशाला कान देऊन ऐकतंय.

मालिका तीनच भागांची; चॅनेलवर लागायच्या आधी सगळी सलग आमच्या गावाला दाखवायची, असं ठरलं. हायवेवरच्या मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. मी पहिला फोन हरणाबाईला केला.

"हरणाक्का, मल्हारवर मालिका निघालीया. तुमी यायचं."

पलीकडनं तिनं मला तेच परत सांगायला लावलं. मग म्हणाली, "मल्हार कोन झालाय वो, वैनी?"

"साईराज म्हणून नट हाय. जरा गोरा हाय."

"आसूं द्या. ल्हानपणी मल्हार बी गोराच व्हता. मेंढरामागं रापला."

मी फोन ठेवला अन् ह्यांना सांगितलं. तर ह्यांच्या कपाळाला आठी. "तिला कशाला बोलावलंस?" म्हणाले. मी म्हणाले, "कशाला म्हंजी? तिच्या पोराची मालिका, तिला न्हाई तर काय आमदाराला?" मग जरा वेळानं हेच म्हणाले, "बरं केलंस. नानासोला मी फोन करतो. ढोल घेऊन या म्हणतो." मला बाई बरंच वाटलं. म्हटलं, माणसाला उशिरा का होईना सुचलं.

रविवारी धनगर मंडळी आली. पांढरी धोतरं, लाल फेटे, कपाळाला भंडारा. वेशीत नटांची उघडी जीप उभी होती. आमच्या ह्यांनी नानासोच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "पाव्हणं, इथनं कार्यालयापर्यंत वाजवत आणायचं." नानासो खूश झाला. त्याला वाटलं, मल्हार झालेल्या पोराला वाजवत न्यायचा मान आपल्याला मिळाला. ते जीव तोडून वाजवत होते. उन्हात धोतरं घामानं भिजली, भंडारा कपाळावरनं ओघळून डोळ्यात गेला, तरी थांबले न्हाईत. मी रस्त्याच्या कडेनं चालत होते अन् मला भरून येत होतं. जीपमध्ये नटाच्या शेजारी आमचा शिवतेज उभा होता, तेवढं माझ्या नजरेत आलं, पर म्हटलं, ढोल शिकवलाय, घेतला असंल वर.

कार्यालयात पुढं सोफे मांडले होते. एक पोरगा मला म्हणाला, "काकू, ह्यांची सोय मागं केलीय, आचाऱ्याच्या बाजूला." मी म्हणाले, "तुझी सोय कर तिकडं," अन् हरणाबाईला हाताला धरून माझ्या शेजारी सोफ्यावर बसवलं. नानासो अन् त्याची माणसं मात्र मागंच गेली. मी त्यांच्यासाठी उठून भांडले न्हाई. हरणाबाईनं नवीन इरकली लुगडं नेसलं होतं. पदरात भंडाऱ्याची पुडी होती. मला हळूच म्हणाली, "त्या पोराच्या कपाळाला लावीन म्हंते. चालतंय न्हवं?"

"न चालायला काय झालं!" मी म्हणाले.

आधी सत्कार, मग मालिका, असा बेत होता. माईकवर ऋषिराज होता. आमच्याच गावचा, लग्नात अन् वाढदिवसाला बोलायची कामं घेतो. त्याच्या तोंडात शब्द मावत न्हाईत. चॅनेलच्या साहेबांचा सत्कार झाला, दिग्दर्शकाचा झाला, नट साईराजचा झाला. मग ऋषिराजनं आवाज जड केला अन् म्हणाला, "मित्रहो, पडद्यावरचा हिरो आपण बघणारच आहोत. पण ज्या माउलीनं खरा हिरो जन्माला घातला, ज्या माउलीच्या पोटी असा पोर निपजला की ज्यानं ढोलाच्या एका ठेक्यावर आख्खं गाव उठवलं, त्या माउलीला मी व्यासपीठावर येण्याची विनंती करतो!"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी हरणाबाई उठली.

तिनं पदर डोक्यावरनं नीट ओढून घेतला. पायातली चप्पल सोफ्यापाशीच काढली, देवळात काढतात तशी. अन् चालायला लागली. मी पण टाळ्या वाजवत होते. ती स्टेजच्या पायरीपाशी पोचली अन् ऋषिराज म्हणाला, "सौ. अंजनाताई लालासाहेब..."

पुढचं मला ऐकायला आलं न्हाई. माझे हात टाळीसाठी वर होते ते तसेच ऱ्हायले. स्टेजवर आमचे हे माझ्याकडं बघून 'ये, ये' करत होते. शिवतेज खाली बघत होता. ते बघितलं अन् मला सगळं कळलं. पोर चुकला की लहानपणापासनं असाच आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघतो.

हरणाबाई पायरीपाशी अनवाणी उभी. तिला कळंना, पुढं जावं का मागं. मागनं कुणीतरी हसलं. बाईमाणसाला चुकून उठली म्हणून हसायची काय रीत झाली? पर हसलं. आचाऱ्याच्या बाजूला नानासो उभा राहून मान उंच करून बघत होता.

आता मी काय करायला पायजे होतं, ते मला ठाऊक हाय. गावातल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक असंल. तिचा हात धरून तिला स्टेजवर न्यायचं अन् म्हणायचं, हिरोची आई ही हाय. एवढंच. ज्या तोंडानं मी दिग्दर्शकाला ऐकवते, आमदाराला ऐकवते, नवऱ्याला रोज ऐकवते, त्या तोंडानं. अन् मी काय केलं? तिच्याजवळ गेले, तिच्या दंडाला धरलं अन् म्हणाले, "बसा हरणाक्का, मला बोलावलंय."

मला बोलावलंय! जळो माझी जीभ.

ती म्हणाली, "व्हय व्हय, जावा तुमी," अन् माघारी फिरली. चप्पल घालायला तिला दोनदा वाकावं लागलं. मी वर गेले. साडी घेतली, नारळ घेतला, ओटी घेतली. साईराजनं माझ्या पाया पडून घेतलं. फोटो काढताना मला हसा म्हणाले अन् मी हसले सुद्धा. शिवतेजला फेटा बांधला, टाळ्या झाल्या. माझ्या अंगाची लाही होत होती, पर ती दुसऱ्या कुणाच्या रागानं न्हवं. लाज वाटत होती. चारचौघांत लुगडं सुटावं तशी लाज.

दिवे घालवले अन् मालिका सुरू झाली. मी हरणाबाईच्या शेजारी न बसता मागच्या रांगेतल्या प्रांजलपाशी गेले अन् अंधारात तिचा दंड धरला. "तुला मी काय सांगितलं होतं? गोठ्यात नेऊन दाखवलं होतं का न्हाई?"

पोरगी रडायच्या बेतात आली. "काकू, मी तसंच लिहिलं होतं. मल्हारच होता. पण सरपंचकाका म्हणाले, गावात शूटिंग करायचं तर हिरो गावचा पाहिजे. बाहेरच्या लोकांनी येऊन आमाला उठवलं असं टीव्हीवर दिसलं तर गावाची काय इज्जत राहील? चॅनेलला पण हिरो एकच हवा होता. मग शिवतेज म्हणाला..."

"शिवतेज काय म्हणाला?"

"म्हणाला, चालतंय, माझं नाव द्या."

मी परत येऊन बसले. कुठं जाणार होते? पडद्यावर वाईचा घाट होता अन् खाली आमच्या गावाचं नाव. साईराज शिवतेज झाला होता. त्यानं गोठ्यातनं म्हशी ओढल्या. त्यानं पारावर ढोल वाजवला, मागं कुठलीशी सारंगी लावलेली. भामाबाई झालेली नटी रडली. गावची माणसं आजूबाजूला मुसमुसत होती, अन् मला त्यांचा पण राग येत होता. आरं, तुमी होता की तिथं! तुमच्या डोळ्यांदेखत कोण वाजवत होतं? पर कुणी एक शब्द बोललं न्हाई. सगळ्यांना हेच बरं वाटत होतं.

धनगर पण होते मालिकेत. एका ट्रकमधनं उतरले, खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीची टोपली. त्यातला एक म्हातारा साईराजला हात जोडून म्हणतो, "दादा, तुमचा ढोल ऐकून आमालाच बळ आलं." मागनं कुणीतरी खाकरलं. नानासोच असणार. मी मागं बघितलं न्हाई.

मग साईराजच्या पायात पत्रा घुसला. ते त्यांनी ठेवलं होतं. माझ्याच तोंडून ऐकलेलं, माझ्याच गोठ्यात बघितलेलं. हरणाबाईनं माझा हात धरला. साईराजला ताप भरला, दवाखान्यात नेलं, नळ्या लावल्या. हरणाबाईचा हात माझ्या हातात घट्ट होत गेला, बांगडी माझ्या हाडात रुतली. मी मनात म्हणत होते, दाब अजून, मोड माझा हात. दवाखान्याच्या बाहेर गाव जमतं, सगळे मिळून ढोल वाजवतात, अन् साईराज डोळे उघडतो. कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट. शेवटी त्याचं लग्न. अक्षता, हार, पुन्हा ढोल. दिवे लागले. हरणाबाई पडद्याकडंच बघत होती. तिच्या तोंडाकडं बघायची माझी छाती झाली न्हाई.

मी उठले अन् सरळ स्टेजवर गेले. ऋषिराजच्या हातातला माईक ओढून घेतला. आमचे हे दातओठ खात पुटपुटले, "अंजना, खाली ये." मी म्हणाले, "तुमी गप ऱ्हावा." ते माईकमध्ये गेलं, माणसं हसली.

"ऐका सगळ्यांनी," मी म्हणाले. "ढोल माझ्या पोरानं न्हाई वाजवला. तो तवा गावात पण नव्हता. ढोल मल्हारनं वाजवला, ह्या हरणाबाईच्या पोरानं. म्हशी त्यानंच काढल्या, पत्रा त्याच्याच पायात घुसला. सगळ्यांना ठाऊक हाय."

माझा आवाज फुटला अन् मला रडू आलं. एवढ्यात ऋषिराजनं अलगद माईक माझ्याकडनं काढून घेतला अन् म्हणाला, "बघा! ह्याला म्हणतात मनाचा मोठेपणा! पोराचं सगळं श्रेय ही माउली दुसऱ्याच्या पदरात टाकते! अशा आईच्या पोटीच असे हिरो जन्मतात! जोरदार टाळ्या!"

अन् वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. चॅनेलचा साहेब डोळे पुसत होता. एका पोरानं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला होता. मी स्टेजवर उभी, अन् जेवढं खरं बोलले तेवढी आणखी मोठी होत चालले. आता काय बोलणार? आणखी बोलले असते तर आणखी टाळ्या पडल्या असत्या. मी खाली उतरले.

सोफ्यावर हरणाबाई नव्हती. मी बाहेर पळाले. जीप सुरू होती, ढोल टपावर बांधून झाले होते. जेवण कुणी केलं नव्हतं. नानासो माझ्याकडं न बघता म्हणाला, "येतो वैनी. लांब जायाचं हाय." एवढा चांगला माणूस, पर बघितलं न्हाई. हरणाबाई मागच्या सीटवर बसली होती. मी खिडकीची कड धरली.

"हरणाक्का, मला ठाऊक नव्हतं. शपथ घेऊन सांगते. मी तुमाला फोन केला तवा..."

"आवं, ठावं हाय मला. तुमी रडू नगा."

"माझ्या घरातल्यांनी तुमच्या पोराचं नाव खाल्लं."

तिनं खिडकीवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, "वैनी, त्या पोराच्या पायात पत्रा गेला न्हवं, तवाच माझा जीव गेला. म्हनलं, आता पुन्यांदा बघाय लागतंय. उठून जावं म्हनलं, तर पाय उचलंनात. म्हून तुमचा हात धरला. आन त्येनं डोळं उघाडलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बरं झालं तुमच्या शिवतेजचं नाव दिलं. माझ्या मल्हारचं आसतं तर मराया लागलं आसतं त्येला."

मला वाटलं, ती टोमणा मारतेय. मी तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. न्हाई. टोमणा असता तर मला झेपला असता, मी काहीतरी उलटं तरी बोलले असते. ती खरंच सांगत होती.

"लगीन बी लावलं त्येचं," ती म्हणाली. "चांगली हाय की पोरगी. बरं, येते मी."

जीप हायवेला लागली. मी तिथंच कमानीपाशी उभी ऱ्हायले. आत जेवणाच्या पंगती बसल्या होत्या, भाताचा वास येत होता, कुणीतरी मला हाका मारत होतं. गाड्या पुढनं जात होत्या अन् मला रस्ता ओलांडायचा होता का आत जायचं होतं तेच सुचंना.

शिवतेज बाहेर आला. डोक्यावर फेटा तसाच. आजूबाजूला बघत म्हणाला, "आई, हरणामावशी गेली? मला भेटली न्हाई?"

"गेली."

तो माझ्याकडं बघंना. "माझ्याबद्दल काय बोलली का?"

मला पहिल्यांदा वाटलं, दोन थोबाडीत द्याव्यात. मग वाटलं, न्हाई, हरणाबाईनं दिलंय ते देऊ. जसं दिलंय तसं.

"बोलली की," मी म्हणाले. "तू जगलास म्हणून तिला बरं वाटलं म्हणाली. मल्हारचं नाव असतं तर मरावं लागलं असतं म्हणाली."

तो कमानीखालच्या पायरीवर खाली बसला. मी त्याला ऊठ म्हणाले न्हाई. मी पण त्याच्या शेजारी बसले.